‘छान’च्या पुढे

कारेगावाहून मोराच्या चिंचोलीस जाऊन आलेली हौशी मंडळी परस्परांस छायाचित्रे दाखवितात, आणि सर्वांच्या मुखी एकच शब्द असतो, ‘छान!’ स्नेह खरा. परंतु त्यातून काढणाऱ्याच्या हाती काय लागते? मोराचा डोळा नेमका टिपला असेल, तर ते प्रथम सांगावे. नाचता पिसारा पुसट आला असेल, तर शटरची गती १/५०० सेकंदापर्यंत वाढवून पाहावी, असे सुचवावे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. वैद्यकी सांभाळून कॅमेरा हाताळणारे डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. छंदालाही जाणकार सोबती लागतातच. कापडाचा पोत बोटांनी पारखणाऱ्या आपल्या घरांना हे का समजवावे! मात्र मोराला पिटाळून चित्र मिळविले असेल, तर चौकट कितीही सुरेख असो, मित्राला एकांतात, पण स्पष्टपणे तसे सांगावे.