न्हाणीघरातला निरीक्षक



चंदगडचा पावसाळा म्हणजे चार महिने न वाळणारे कपडे आणि गरम पाण्याची ओढ. त्यात गच्चीवरचं सोलर रुसतं, वीज जाते-येते, आणि मग घराघरातून एकच वाक्य ऐकू येतं, "गिझर बिघडला, माणूस बोलवा!" माणूस येतो, कॉईल बदलतो, पैसे घेऊन जातो. काही महिन्यांनी पुन्हा तेच.

माझं मत सरळच सांगतो. आपण वस्तू दुरुस्त करून घेतो, पण ती का बिघडली हे विचारत नाही. पंखा किंवा रेडिओ असेल तर ठीक आहे. पण जिथं पाणी आणि आग शेजारी-शेजारी नांदतात, तिथं हा न विचारलेला प्रश्न जिवावर बेतू शकतो.

मी काही विज्ञानाचा शिक्षक नव्हे. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण आमच्या पिढीला हा धडा तांब्याच्या बंबानेच दिला. परड्यात बंब, शेजारी बंबफोडीचा ढीग. घरातल्या मोठ्या माणसांचे नियम तीनच: आधी पाणी, मग जाळ, रोज सकाळी राख काढायची, धूर उलटा आला तर आधी नळी बघायची. यामागचं कारण कुणी सांगत नसे, पण कारण पक्कं होतं. बंबाचे सांधे डाख लावून जोडलेले. आत पाणी आहे तोवर तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही, आणि डाख वितळायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. पाणी संपलं की सांधा सुटलाच. म्हणजे बंबाला सांभाळणारं आतलं पाणीच!

आता हाच नियम मोठा करून बघा. आपल्या तालुक्यात काजूचे कारखाने पुष्कळ आहेत. काजूबी वाफवायला तिथं बॉयलर असतो. त्याच्या पोटावर एक काचेची नळी असते, तिच्यात पाण्याची पातळी दिसते. बॉयलरवाल्याची पहिली नजर तिथं गेली पाहिजे. पाणी फारच उतरलं तर वितळून धोक्याची सूचना देणारं, कमी तापमानाला विरघळणाऱ्या धातूचं बूच अनेक बॉयलरांत बसवलेलं असतं. दाब वाढला तर वाफ सोडणारी सुरक्षा झडप असते. पाण्यातला क्षार आतून थर धरतो, त्या थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि पत्रा जास्त तापतो. म्हणून पाणी मऊ करून घ्यायचं आणि तळाचा गाळ ठरल्या वेळी सोडून द्यायचा. झडप फुसफुसते म्हणून ती बांधून ठेवणं म्हणजे रडणाऱ्या पोराचं तोंड दाबणं. रडणं थांबतं, दुखणं नाही.

राखेचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशात उंचाहारच्या वीज केंद्रात बॉयलरचा भीषण अपघात झाला, चाळीसहून अधिक माणसं गेली. भट्टीत राख साठून वाट तुंबली, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. बंबाची राख काढायला लावणारी घरातली बाई काही वेगळं सांगत नव्हती.

इतिहासाचा मास्तर म्हणून आणखी एक सांगतो. २७ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत मिसिसिपी नदीवर 'सुलताना' नावाची आगबोट बॉयलर फुटून बुडाली. हजाराहून जास्त माणसं मेली. वाटेत बॉयलर गळत होता, पण नीट दुरुस्तीला वेळ लागेल म्हणून घाईने ठिगळ मारलं होतं. आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली, तेव्हा १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ चा देशभराचा कायदा आला आणि आता २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. म्हणजे कारखान्याच्या बॉयलरकडे बघायला सरकारी निरीक्षक आहे.

पण घरातल्या लहानशा गिझरकडे कोण बघणार? तो या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिथले निरीक्षक आपणच.

तर या निरीक्षकाने काय बघावं? विजेचा गिझर तापत नसेल तर आधी वीज पोचते का ते बघा. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर हट्टाने वर करू नका, कॉईलमधून वीज पाण्यात उतरत असेल. अर्थिंग तपासून घ्या. तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागत असेल तर कॉईलवर क्षार बसलाय. नुसती कॉईल बदलून भागणार नाही, पाणी बोअरचं आहे का ते विचारा. तापताना झडपेतून थेंब-थेंब पाणी पडलं तर ते तिचं कामच आहे, बूच मारू नका. सोलरची टाकी गरम आणि नळाला मात्र गार पाणी, असं झालं तर नळीत हवा अडकली असेल, किंवा एखाद्या मिक्सर नळातून गार पाणी गरम लाईनीत शिरत असेल. टाकीला दोष देण्याआधी ते बघा.

आणि गॅस गिझर! हे मात्र आमच्या पुण्या-मुंबईच्या नातवंडांनी, भाचरांनी नीट वाचावं. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि दार आतून बंद. दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी असते. आमचा बंब परड्यात असायचा, धूर आभाळात जायचा. तेव्हा गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवा, जळका वायू बाहेर नेणारी नळी लावा. जागा नसेल तर गॅस गिझर घेऊच नका. स्वस्त पडतो, हे कारण मला सांगू नका.

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. मागच्या थंडीत त्याचा फोन, "मामा, बॉयलर बंद पडलाय, रेडिएटर गार!" मी म्हटलं, "सगळे गार, की वरूनच?" तो हसला, म्हणाला, "वरून गार, खालून गरम." म्हणजे आत हवा. किल्लीने हवा सोडली, दाबाचा काटा एक ते दीड बारच्या मध्ये आणला, काम झालं. खालून गार असता तर गाळ. सगळेच गार आणि बाहेर बर्फ, तर पाणी बाहेर सोडणारी नळी गोठलेली असू शकते. पण झाकण उघडून गॅसला हात लावायचा नाही, हे त्याला बजावलं. तिथं त्या कामाला नोंदणी झालेलाच माणूस लागतो, आणि ते योग्यच आहे.

कुणी म्हणेल, मास्तर, प्रत्येकाने मिस्त्री व्हायचं का? मुळीच नाही. स्वतः बघावं आणि प्रश्न विचारावेत, एवढंच. आलेल्या माणसालाही "किती झाले?" याआधी "कशामुळे झालं?" हे विचारावं. चांगला कारागीर या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुलतो. एका वहीत तारीख, बिघाड आणि कारण लिहून ठेवा. दोन वर्षांत ती वहीच तुम्हाला शिकवू लागेल.

असो. पुष्कळ झालं. तुमच्याकडे बंब होता का, आणि त्याचे नियम काय होते, जरूर कळवा. आणि गॅस गिझर आत असेल त्यांनी आजच आपल्या न्हाणीघराची तपासणी करावी, ही थोरल्याची विनंती समजा.