टाके काढल्यानंतर

मुळगावातल्या कुणाचा पाय मधुमेहाने सडायला लागला की आधी डिचोलीचं आरोग्य केंद्र, मग म्हापशाचं जिल्हा इस्पितळ आणि शेवटी ‘बांबोळीला न्या’, हे ठरलेलं. 1842 साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणाऱ्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, त्या पायावर शस्त्र चालवायला शिकणारा निवासी डॉक्टर एम.एस.च्या तीन वर्षांत एक प्रबंधही लिहितो. तो मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. देशभर हा प्रबंध म्हणजे रात्रपाळ्यांच्या मधे उरकायचं लचांड, बाइंडिंगवाल्यानंतर तो कुणी उघडत नाही, असं डॉक्टर मंडळीच खासगीत सांगतात. तरी तो हवाच. कापायचं कसं, हे गुरूच्या हाताकडे बघून येतं. कापायचं की थांबायचं, हे नोंदी ठेवल्याशिवाय उमगत नाही. बोट काढलेल्या पेशंटचा पुढे घोट्यापर्यंतचा पाय गेला का, जखम धुवायला घरी कोण होतं, तो अनवाणीच कुळागरात शिरला का, हे वॉर्डात कसं कळणार? पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या 2023 च्या नियमांतही तीन महिन्यांची जिल्हा सेवा सक्तीची आहे. प्रबंधाच्या गाइड मंडळींनी निदान त्या काळात तरी पोरांना वही देऊन डिचोली-पेडण्यातल्या जुन्या पेशंटांच्या घरी धाडावं.