कार्बोरेटरवरचे आकडे

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली जुनी फियाट उभी असते. ती पुन्हा सुरू करायची म्हटले की घोडे बहुधा कार्बोरेटरपाशी अडते. नागपूरच्या भंगार बाजारातून ‘अगदी असाच’ म्हणून दुसरा आणला जातो आणि तरीही गाडी काळा धूर सोडते. असे का होते, याचे उत्तर त्या भागाच्या अंगावरच लिहिलेले असते.

कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करतो. हवा व्हेंचुरी नावाच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि जेट म्हणजे बारीक छिद्राच्या पितळी नळीतून पेट्रोल ओढले जाते. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा लागते. हे प्रमाण गळा आणि छिद्र यांच्या मापावर ठरते.

कार्बोरेटरचे धड जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असते. त्यावरची उठावदार अक्षरे साच्यातूनच येतात. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरवर ‘३२ पीबीआयसी’ असे दिसले, तर ३२ हा थ्रॉटलच्या, म्हणजे खालच्या झडपेच्या वाटेचा मिलिमीटरमधला व्यास आणि पुढची अक्षरे रचनेचा प्रकार. पण एकच ओतीव धड अनेक इंजिनांसाठी वापरले जाई. त्यामुळे ही अक्षरे कूळ सांगतात, गाडी सांगत नाहीत.

गाडी कळते ती आतल्या सुट्या भागांवर ठोकलेल्या आकड्यांवरून. जेटवर ११५ असेल तर छिद्र साधारण १.१५ मिलिमीटरचे. त्या जागी १२५ बसवला तर फरक केसाएवढा वाटतो, पण छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे अठरा टक्क्यांनी वाढते. काळा धूर येतो तो इथून. साफ करताना जेटमध्ये तार घातली तरी छिद्र मोठे होते. मग आकडा ११५ राहतो आणि माप मात्र राहत नाही.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये आणलेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. त्याच सुमारास मोटारींमध्ये इंधन फवारणारी इंजेक्शन यंत्रणा रुळली. आता नवे भाग दुर्मीळ, म्हणून जुन्यांची ओळख महत्त्वाची. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी शुल्क वीस हजार रुपये आहे. मूळ कार्बोरेटर फेकून दिलेल्या मालकाने ‘मूळ रूप’ कशावरून दाखवायचे?

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. चकाकीसाठी धड घासून अक्षरे घालवणे हे नुकसानच आहे. उघडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढावेत, प्रत्येक जेटचा आकडा त्याच्या जागेसह वहीत लिहावा, आणि सफाई पेट्रोल व हवेच्या झोताने करावी. आयटीआयमधल्या मुलांना हे वाचन शिकवायचे, तर ज्यांच्या हातांना ते येते ते जुने मेकॅनिक अजून आपल्यात आहेत. त्यांना वर्गात बोलवायला हवे.