डबा आपला, अंगण तिचं



जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातला रायगड आमच्या महाडहून पंचवीसेक किलोमीटर, आणि प्रतापगडला जायचं तर पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढायचा. म्हणजे दोन्हीकडच्या पाहुण्यांना वाटेत आम्ही आहोतच! तेव्हापासून फोन वाढलेत. परवा पुण्याच्या नणंदबाईंचा आला. "वहिनी, आमच्या मंडळाच्या बावीस जणी येतोय. हॉटेल नको, गावातलं घर बघा, शेणाने सारवलेलं. जेवणाची काळजी करू नका, महाराज बरोबर आणतोय." (साधू महाराज नव्हेत, कढईवाले.)

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर जिवाला लागून राहिलं. कारण तीन वर्षांपूर्वी आम्ही महाडच्या बायकांनी हेच केलं होतं.

फेब्रुवारी होता. आम्ही चौदा जणी पाचाडच्या पुढे एका वाडीत मुक्कामाला गेलो. शेगडी, पातेली, पिठं, खाखऱ्यांचे डबे, उकळलेल्या पाण्याचे कॅन, सगळं टेम्पोत. चौविहार असल्यामुळे सहाच्या आत उरकायचं म्हणून अंगणातच शेगडी मांडली. घरची बाई दारात उभी. पंचविशी-तिशीची असेल. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "काकू, मी वाल भिजवून मोड आणलेत. रात्री बसून सोलले. बिरडं करू का?"

आमच्यातल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मोड आलेलं आम्ही खात नाही. पण हे तिला कोणी सांगितलं होतं? आम्ही फोनवर फक्त "व्हेज" एवढंच बोललो होतो. चौदा जणींपुरते वाल सोलायचे म्हणजे किती वेळ लागतो ते तुम्हाला मी सांगायला नको. बिरडं तिच्या घरात राहिलं. आम्ही आमची मुगाची डाळ खाल्ली, तिच्याच अंगणात बसून.

सकाळी पैसे दिले. राहण्याचे माणशी 300, चौदाचे 4200. ती म्हणाली, "जेवणातच चार पैसे सुटतात काकू. राहायचे चादरी धुण्यात जातात." भांडून नाही, सहज म्हणाली. ते जास्त लागलं.

मी बी.कॉम. आहे, हिशोब डोक्यातून जात नाही. घरी येऊन वहीत मांडलं. चौदा चादरी, चौदा अभ्रे, साबण, दोन वेळचा चहा, दूध, आंघोळीला चुलीवर तापवलेलं पाणी. ते पाणी तिने विहिरीवरून आणलेलं. आपल्याकडे पाऊस कोसळतो, पण डोंगरातल्या वाड्यांना एप्रिल-मे मध्ये टँकर लागतो हे महाड-पोलादपूरच्या बायकांना ठाऊक आहे. सगळा खर्च लिहिला आणि शेवटी "मजुरी" लिहून पुढची जागा रिकामी सोडली. तिथे काय लिहायचं?

ती रिकामी जागा माझ्या ओळखीची आहे. आमच्या दुकानाची खातेवही मी अडतीस वर्षं लिहिली. पाटीवर नाव आधी सासऱ्यांचं, मग ह्यांचं. तक्रार नाही हो, पण आहे ते आहे.

आणखी एक गोष्ट. तिच्या दाराला लावलेल्या क्यूआरवर नाव नवऱ्याचं. तो मुंबईत नोकरीला. आपल्या डोंगरातल्या घरांचं पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय, पुरुष मुंबईला आणि घर-शेत बाई न्‌ म्हाताऱ्यांवर. पर्यटनाने गावात रोजगार येतो म्हणतात, येतोही. पण पाहुणा आल्यावर उठते कोण? तीच. पैसे वाजतात मुंबईच्या फोनमध्ये. "ते पाठवतात लागेल तसे," म्हणाली. चांगला माणूस असेल, नाही कशाला म्हणू?

आता माझं म्हणणं सांगते. पटलं नाही तर रागवा.

आपण स्वयंपाकी घेऊन गावात जाणं बंद करावं. आपण जातो तिचं गाव बघायला, आणि तिच्या हातचा घास तेवढा चालत नाही. मागे राहतात थेपल्यांच्या पिशव्या. अडचण आहे ती मी नाकारत नाही. ज्या घरात मासळी शिजते तिथली भांडी कशी चालवायची? माझ्याही मनाला ते जड जातं. पण त्याला उपाय आहे. वाडीतल्या बचत गटाने पातेली, पळी, गाळणं यांचा एक वेगळा संच ठेवावा आणि त्याचे पैसे आपल्या मंडळाने द्यावेत. मंदिरासाठी आपण भांडी देतोच की. ज्यांचे नियम फार कडक आहेत त्यांनी आपला डबा न्यावा, त्यांना कोणी अडवत नाही. बावीसमध्ये अशा किती निघतील? चार.

बाकीच्यांसाठी तिच्या घरात काय नाही? नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं लसूण वगळून हिंग-मिरचीचं, मुगाचं वरण, काकडी, कोकमाचं सार. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, आलं नको, मोड नकोत, पाणी गाळून उकळायचं आणि जेवण सूर्यास्ताआधी. आदल्या दिवशी पाच मिनिटांच्या फोनचं काम. आपण अतिथी संविभाग व्रताच्या गोष्टी करतो, पण अतिथी होऊन कसं राहावं हे कुठे शिकतो?

दुसरं पैशांचं. महाराष्ट्र सरकारचं 2023 पासून महिलांसाठी "आई" नावाचं पर्यटन धोरण आहे. बाईच्या नावाचा, बाईने चालवलेला पर्यटनाचा व्यवसाय असेल तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, परत मिळण्याची सोय त्यात आहे. पण मुळात व्यवसाय तिच्या नावाचा पाहिजे. म्हणून पाहुण्यांनी एवढं विचारावं: ताई, पैसे कोणाच्या खात्यात टाकू?

लडाखला बायबर्फाळ डोंगरात, हिमबिबट्यांच्या भागात, रुंबकसारख्या गावांत घरगुती मुक्काम चालतात. ते मुख्यतः बायकाच सांभाळतात आणि पाहुणे घरांना पाळीने जातात. आज या घरी, उद्या पुढच्या. आपल्याकडे रस्त्याला लागून ज्याचं घर त्याच्याकडे सगळी गर्दी, वरच्या आळीला कोणी चढत नाही. पाळीची गोष्ट मला फार आवडली. वाढप्याने पंगतीत एकाच ताटात किती वाढायचं?

आणि पावसाळ्यात धबधबे बघायला येतो म्हणू नका. 22 जुलै 2021 ला तळियेत दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपुरातही त्याच पावसात दरडींनी माणसं नेली. इकडे महाडात आमच्या घरांत पुराचं पाणी. आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी थांबतात, तेवढे महिने आपणही घाटांना विसावा द्यावा.

नणंदबाईंना उलट फोन करून सांगितलं, महाराज पुण्यातच राहू देत. त्या म्हणाल्या, "आणि पोट बिघडलं म्हणजे?" मी म्हटलं, मागच्या सहलीत हॉटेलात बिघडलं होतं ते? हसल्या. विचारून सांगते म्हणाल्या.

मग वाडीतल्या तिला फोन लावला. ओळखलं तिने. सगळी यादी ऐकून म्हणाली, "अवो काकू, म्हंजे आमच्या उपासाच्या उलटं! आम्ही उपासाला बटाटा न्‌ रताळंच खातो, तुम्ही नेमकं तेच सोडता!" मला काही सुचेना, दोघी हसलो. बिरड्याबद्दल मीच माफी मागितली. तिला ते आठवत होतं. "शेजारी वाटलं सगळं," म्हणाली.

शेवटी खात्याचं विचारलं. लाडक्या बहिणीचे पैसे येतात ते तिच्या एकटीच्या नावाचं आहे. क्यूआर त्यावरचा निघेल. मंगळवारी मुलीला घेऊन महाडला येतेय, बँकेत मी बरोबर जाणार आहे.