आण्याचा हिशेब कोण मागणार?

गांवांत नवी शाळाखोली उठली, ओढ्यावर पूल झाला, कीं लागलीच तेथें संगमरवरी पाटी बसते आणि पाटीवर पुढाऱ्याचें नांव कोरलें जातें. ज्यांच्या पैशानें वीट रचली त्यांचें नांव त्या पाटीवर नसतें. तें नांव कोणाचें, हें शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकरी, शेतमजूर, सुतार, लोहार, कुंभार बंधुभगिनींस आज आम्ही रोखठोक सांगणार आहों. तें नांव तुमचें आहे. शाळा ही कोणाची मेहेरबानी नव्हे कीं रस्ता हें कोणाचें दान नव्हे. जो दान घेतो तो हात जोडतो. जो दाम देतो तो हिशेब मागतो. आमचा समाज दाम देऊन वर हात जोडत आला, हेंच आमचें दुखणें आहे.

हें दुखणें जुनें आहे. १८६० नंतरच्या दशकांत मुंबई सरकारनें शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा ज्यादा पट्टी बसविली आणि १८६९ च्या कायद्यानें ती पक्की केली. लोक तिला लोकलफंड म्हणूं लागले. त्या आण्याचे तीन वाटे ठरले: दोन वाटे रस्ते वगैरे लोकोपयोगी कामांस आणि एक वाटा शाळांस. पट्टी साऱ्याला जुंपलेली. सारा चढला कीं तीही आपोआप चढे. १८६७ नंतर इंदापूर व भीमथडी तालुक्यांत फेरआकारणी होऊन सारा वाढला, तसा लोकलफंडही वाढला. आजचा दौंड तालुका त्या वेळीं भीमथडींतच मोडत असे. पुढें कापसाचे भाव उतरले, शेतकरी सावकाराच्या खतांत गळ्यापर्यंत बुडाला. शिरूर तालुक्यांतील करडे गांवानें १८७४ सालीं सावकारावर बहिष्कार घातला, आणि १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुप्याच्या बाजारांत भडका उडाला.

अशा गांजलेल्या मुलखांतून गोळा झालेल्या आण्याचें काय झालें? १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें, त्यांत त्यांनीं हाच जाब विचारला. शिक्षणासाठीं म्हणून खास पट्टी घेतली जाते, पण ती त्या कामीं लागत नाहीं. इलाख्यांतील दहांपैकीं जवळजवळ नऊ गांवांत, सुमारें दहा लाख मुलांसाठीं, शाळेची कसलीच सोय नाहीं, असें त्यांनीं साफ मांडलें. महसूल रयतेच्या घामाचा, आणि त्यावर वरचें शिक्षण मिळतें तें वरच्या वर्गांच्या मुलांस, ही त्यांची तक्रार होती. जोतीरावांनीं भीक मागितली नाहीं. जमेची बाजू व खर्चाची बाजू त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवली आणि सरकारास उत्तर मागितलें.

कोणी म्हणेल, ती पारतंत्र्यांतली गोष्ट झाली. आतां तिचें काय? त्यानें आपला आठ-अ चा उतारा काढून पाहावा. आकारणीच्या शेजारीं स्थानिक कराचा रकाना आहे, आणि त्यांत जिल्हा परिषद व ग्रामपंचायत असे दोन वाटे आहेत. तो जुन्या आण्याचाच नातू! बागायती उसासारख्या नगदी पिकांवर १९६२ च्या कायद्यानें शिक्षण कर बसला. पुढें त्यास रोजगार हमीचा कर जोडला गेला. ग्रामपंचायत घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी घेते ती १९५८ च्या कायद्यानें. ज्यास गुंठाभर जमीन नाहीं असा मजूर म्हणेल, "मी कुठें कर भरतों?" बाबा रे, तूंही भरतोस. पायांतल्या चपलेवर आणि सुताराच्या पटाशीवर २०१७ पासून जीएसटी लागतो. शाळेच्या फळ्यावर जो खडू झिजतो त्यांत तुझाही तुकडा आहे.

आतां शहराकडे पाहूं. जून २०१७ मध्यें पुणें महानगरपालिकेनें २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. व्याज दरसाल शेंकडा ७.५९. पैसा हवा होता शहराच्या चोवीस तास पाणीयोजनेसाठीं. कर्जरोखा म्हणजे काय? आज पैसा उभा करून काम करावयाचें, आणि त्या कामाचा उपयोग पुढेंही व्हावयाचा असल्यामुळें तें कर्ज वर्षानुवर्षांच्या उत्पन्नांतून फेडावयाचें. यांत गैर कांहीं नाहीं. पण रोखे घेणारा डोळे मिटून पैसे देत नाहीं. पालिकेची वसुली किती, थकबाकी किती, डोक्यावर पूर्वीचें कर्ज किती, याची छाननी होऊन पत ठरते, आणि मगच रोखे खपतात.

आमच्या ग्रामपंचायतींना हा बाजार कोठला? त्यांनीं अनुदानाची वाट पाहात बसावें. रांजणगांव किंवा कुरकुंभ यांच्याजवळ कारखाने आहेत, तेथें कराला कांहीं आधार तरी आहे. जिरायत गांवानें नुसत्या घरपट्टीवर काय काय बांधावें? जेथें लोक गरीब तेथें करही थोडा, आणि कर थोडा म्हणून शाळाही लंगडी, असा हा फेरा आहे. तो तोडण्यासाठीं जिल्ह्यानें व राज्यानें दुबळ्या गांवास झुकतें माप दिलें पाहिजे.

शहराचा आम्ही हेवा करीत नाहीं. त्या रोख्यांपासून एक धडा मात्र घेतों. २०० कोटी देणारा सावकार मुदतीपुरतेच पैसे देतो, तरी आधीं वही तपासतो. आमचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या देतो, आणि वही उघडूनही पाहात नाहीं! १८७५ सालीं आमच्या पूर्वजांस सावकाराचीं खतें वाचतां येत नव्हतीं. त्यांनीं तीं हिसकून घेतलीं आणि जाळलीं. आज आमच्या घरांत वाचणारीं मुलें आहेत. आतां कागद जाळावयाचे नाहींत, ते वाचावयाचे आहेत.

शिरूर तालुक्यांतील वाबळेवाडीच्या गांवकऱ्यांनीं जमीन, पैसा व श्रम देऊन आपली जिल्हा परिषदेची शाळा नांवारूपास आणली. त्यांचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु लोकवर्गणी ही करावरची साय असावी. कराच्या जागीं ती येऊन बसूं नये. एकदां पट्टींतून व एकदां वर्गणींतून असे दोनदां पैसे देणें ज्या वस्तीस झेपत नाहीं, तिची शाळा गळकीच राहावी काय? सप्टेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें देणगीदारांस शाळा दत्तक देण्याची योजना काढली. त्याच महिन्यांत वीसाहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले गेले. आईबाप जिवंत असतां लेकरूं दत्तक कां द्यावें? या शाळांचे आईबाप आम्ही कर देणारे आहों. आणि वस्तीवरची शाळा लांब गेली कीं पहिली घरीं बसते ती मुलगी, हें कळण्यास कमिशन नेमावें लागत नाहीं.

मार्च २०२२ मध्यें पुणें जिल्हा परिषदेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ लोकांनीं निवडलेला एकही सभासद तेथें नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या हातीं. त्या काळांत आमचा कर मात्र एक दिवसही थांबला नाहीं. कर घेणारा हजर आणि जाब देणारा गैरहजर, अशी स्थिति पुन्हां कधीं येऊं देतां कामा नये.

कर बुडवा, असें आम्ही सांगत नाहीं. कर बुडविणारा शेजाऱ्याच्या पोराची शाळा बुडवितो. पण गरिबाची घरपट्टी थकली कीं दाखल्यासाठीं त्याला दारांत अडवावयाचें, आणि माडीवाल्याच्या थकबाकीचा उच्चारही करावयाचा नाहीं, ही रीत कोणत्या न्यायाची? कर सर्वांनीं भरावा. ज्याची माडी मोठी त्यानें आधीं भरावा.

तेव्हां पुढील ग्रामसभेस घरांतील बायामाणसांसह जा. मागील सालचा जमाखर्च व लेखातपासणीचे शेरे ग्रामसभेपुढें ठेवणें पंचायतीस कायद्यानें भाग आहे. तेथें तीनच प्रश्न विचारा: कर किती जमला? थकबाकी कोणाकडे? शाळेसाठीं किती खर्च झाला? उत्तर मिळालें नाहीं तर प्रश्न व नकार दोन्ही इतिवृत्तांत लिहवून घ्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत चारांपैकीं तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. त्या जागा सरपंचाच्या पाहुण्यांनीं भरूं नका. ज्यांचीं मुलें फाटक्या चटईवर बसतात त्या आईबापांस तेथें पाठवा.

आणा चलनांतून गेला. त्याचा हिशेब मागण्याचा हक्क मात्र गेलेला नाहीं. घरपट्टीची पावती कनवटीस लावा आणि सभेंत पुढच्या रांगेंत बसा.