वाटणीतले घर

लहान घर आणि लहान झालेले घर यांत भेद आहे, आणि जुन्या शहरात घर घेण्यास निघालेल्या माणसाच्या तो सहसा ध्यानी येत नाही. आमचे एक स्नेही, व्यवसायाने शिक्षक व आजवर भाड्याच्याच घरात राहत आलेले, गेल्या महिन्यात माझ्याकडे आले आणि मोठ्या उमेदीने सांगू लागले की, गुलमंडीपासून हाकेच्या अंतरावर, एका गल्लीत, वीस फूट रुंद व तीस फूट लांब असे एक जुने घर विक्रीस निघाले असून, बीड बायपासकडे दोन खोल्यांच्या फ्लॅटला जो पैसा मोजावा लागतो त्याहून काही कमीतच ते मिळण्याजोगे आहे; घर लहान खरे, पण कुटुंबही लहानच आहे, शाळा पायी दहा मिनिटांवर आणि औरंगपुऱ्याची भाजीमंडई त्याहूनही जवळ. त्यांच्या आग्रहास्तव मी ते घर पाहून आलो.

पाहताक्षणी मनात आले ते हे की, हे घर लहान म्हणून कोणी बांधलेच नव्हते. दारातून आत शिरताच डाव्या भिंतीत एक कमान अर्ध्यावर येऊन थांबली होती; मूळचा जिना तिसऱ्या पायरीनंतर विटांनी बुजवून टाकलेला असून माडीवर जाण्यासाठी बाहेरून लोखंडी शिडी ठोकली होती; आणि माजघराच्या माथ्यावरची सागवानी तुळई, जिच्यावर सारे माळवद तोललेले, ती सरळ शेजारच्या भिंतीत शिरून पलीकडे नाहीशी झाली होती. म्हणजे वाड्याची वाटणी झाली, पण तुळईची झाली नव्हती. मलिक अंबराने १६१० साली खडकी या नावाने हे शहर वसवले आणि औरंगजेबाच्या काळी, १६८२च्या सुमारास, शहराभोवती तट उभा राहिला, तेव्हापासून या तटाच्या आतली जमीन काही तसूभरही वाढलेली नाही. वाढली ती कुटुंबे. १९७०च्या दशकात सिडकोची नवी वसाहत निघाली आणि ज्यांच्या हाती चार पैसे होते ते तिकडे गेले. मागे राहिलेल्यांनी वाड्याचे दोन, दोनाचे चार असे भाग पाडले, चौकात पाठीला पाठ लावून न्हाणीघरे काढली, आणि आज दलाल ज्याला ‘छोटं, स्वतंत्र घर’ म्हणतो ते अशा एखाद्या वाड्याचा एक तुकडा असते. त्याची किंमत कमी का, याचे उत्तर घराच्या वयात शोधण्यापेक्षा ते कोठे तुटले आहे ते पाहावे.

प्रथम भिंतींचा हिशेब. वीस बाय तीस म्हणजे सहाशे चौरस फूट, असे आमचे स्नेही आनंदाने म्हणाले. परंतु जुन्या बांधणीच्या भिंती दीड दीड फूट जाडीच्या, आणि चारी बाजूंनी त्या वजा केल्या की आत १७ बाय २७, म्हणजे ४५९ चौरस फूट उरतात. मध्ये तशीच एक आडवी भिंत असली की आणखी २५ गेले. मोजणीचा फीता भिंतीच्या आतून धरावा की बाहेरून, एवढ्या एका गोष्टीवर चवथाई घर अवलंबून आहे. अर्थात त्या जाड भिंतींमुळेच वैशाखात माजघर थंड राहते, हेही नमूद करावयास हवे. मात्र त्यांना खालून ओल लागलेली असून ती झाकण्यासाठी कोणी हौसेने सिमेंटचा गिलावा केला असेल तर तो उकरून पाहावा, कारण चुन्याची भिंत श्वास घेते आणि सिमेंटने तिचे तोंड बांधले की ओल आतल्या आत वर चढत जाते.

माळवदाचे तसेच. पूर्वी दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी वर पांढरी माती पसरीत. ती शिस्त मोडली की गळती सुरू होते, आणि गळती थांबवावी म्हणून जो तो मातीवर मातीचा थर चढवीत जातो. बारा बाय दहाच्या खोलीवर एक फूट जाडीची माती असली तर तिचा भार पाच टनांहून अधिक भरतो, तोही ती कोरडी असताना! हा भार ज्या लाकडावर आहे त्याचे भिंतीत शिरलेले टोक वाळवीने पोखरलेले असते, आणि मधला भाग मात्र टणक लागतो. म्हणून तुळईवर मधोमध थाप मारून ‘लाकूड पक्कं आहे’ असे सांगणाऱ्या माणसावर विश्वास न ठेवता एखाद्या जुन्या सुताराला त्या टोकाशी पटाशी घालावयास सांगावे. त्याची मजुरी फुकट जात नाही. दुरुस्तीच्या अंदाजात आणखी एक रक्कम धरावी लागते, ती गल्लीच्या अरुंदपणाची. जेथे रिक्षा वळत नाही तेथे वाळू, विटा, राडारोडा सारे काही डोक्यावरून आणावे आणि न्यावे लागते.

परंतु भिंती आणि तुळया पैसा टाकून सुधारता येतात. कागदांचे तसे नाही, आणि मला वाटते की जुन्या घराच्या परीक्षेतला तीन चतुर्थांश वेळ दफ्तरात जावयास हवा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाची नक्कल काढली तेव्हा तिच्यावर आजच्या विक्रेत्याच्या आजोबांचे नाव निघाले. फेरफार कधी झालाच नव्हता. आजोबांच्या नावाचा बैनामा विक्रेत्याने ट्रंकेतून काढून दाखवला, तो उर्दूत, हाली सिक्क्याच्या रकमेत आणि फसली सनात. निजामी अमदानीतल्या कागदांवरचे फसली साल पाहून पुष्कळ लोक गांगरतात. त्यात ५९० मिळवले की इसवी सन हाती येतो, पण मजकूर मात्र जाणत्या माणसाकडून अक्षरशः वाचून घ्यावा, कारण चतुःसीमा त्यातच असतात, आणि ‘पूर्वेस सामाईक आड’ एवढे तीन शब्द पुढे वीस वर्षांच्या दिवाणी दाव्याचे बीज ठरू शकतात.

मग वारसांचा प्रश्न. “घर आम्हा चौघा भावांचं. १९८९ साली वडिलांसमोर वाटणी झाली, हा कागद,” असे म्हणून विक्रेत्याने एक साधा, सह्यांचा कागद पुढे केला. बहिणींचे काय, असे विचारता तो निरागसपणे उत्तरला, “त्यांनी कधी काही मागितलंच नाही.” हे उत्तर मी या शहरात इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याला आता म्हणीचे रूप यावयास हरकत नाही. वस्तुतः १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वारस ठरवले होते. फक्त २३व्या कलमाने राहत्या घराची वाटणी मागण्याची त्यांना मनाई होती, आणि त्या मनाईच्या आडोशाने दोन पिढ्या निर्धास्त राहिल्या. २००५ साली ते कलम गेले, मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सा मिळाला, आणि २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या ज्या वाटण्यांना अभय मिळाले त्या नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या. तोंडी वाटणीची सबब सहजासहजी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. मुसलमान कुटुंबाच्या घरात हिस्से शास्त्राने ठरलेले असतात, मुलीला मुलाच्या निम्मे आणि मुले असलेल्या विधवेला एक अष्टमांश. तेथेही ‘मागितलं नाही’ म्हणून हिस्सा नाहीसा होत नाही. एखाद्या हिस्सेदाराचा सौदा करून आत शिरू पाहणाऱ्या परक्याला तर, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात, सामाईक ताबा मागण्याचाही हक्क १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४४वे कलम देत नाही. म्हणजे पैसे देऊन दाराबाहेर उभे राहण्याची पाळी!

इतर शंका थोडक्यात उरकतो. बाँड पेपरवर नोटरी करून झालेला व्यवहार म्हणजे खरेदी नव्हे. नोंदणीकृत खरेदीखत नसेल तर बोलणे तेथेच थांबवावे. जागा वक्फाची किंवा इनामाची नाही ना, याची खातरजमा करावी, आणि त्यासाठी दूर जावे लागत नाही. राज्याच्या वक्फ मंडळाचे मुख्यालय आपल्याच पाणचक्कीत आहे. घर बेगमपुऱ्यात असेल तर मकबऱ्यापासूनचे अंतर मोजावे, कारण केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय अशक्य. माडीवर जुना भाडेकरू असेल तर त्याचे रक्षण १९९९चा भाडे नियंत्रण कायदा करतो. विकास आराखड्यातली रस्त्याची रेषा आपल्या ओट्यावरून जाते की देवघरावरून, हेही आधी पाहिलेले बरे.

पैशाच्या बाबतीत मात्र आमच्या स्नेह्यांची समजूत मुळातच चुकीची होती. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, हे खरे. पण ते नव्वद टक्के मालकाने सांगितलेल्या किमतीचे नसतात. समजा सौदा २५ लाखांचा ठरला आणि बँकेच्या मूल्यमापकाने, इमारतीला शून्याजवळची किंमत धरून, १८ लाखच लिहिले, तर कर्ज जास्तीत जास्त १६ लाख २० हजार. हातचे अडीच लाख पुरतील म्हणून निघालेल्याला ८ लाख ८० हजार उभे करावे लागतात, आणि मुद्रांक शुल्क व एक टक्का नोंदणी फी त्याखेरीज. (घर पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, आणि मराठवाड्यातल्या पुरुषांची औदार्यबुद्धी अलीकडे त्यामुळेच जागृत झालेली दिसते.) शिवाय बँक मंजूर नकाशा मागते, आपली महानगरपालिका ८ डिसेंबर १९८२ रोजी स्थापन झालेली, आणि घराचा चुना मळला गेला तेव्हा तिचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. तेव्हा स्वस्त घराला रोख पैसा अधिक लागतो.

एवढे सारे सांगूनही मी त्यांना ते घर सोडून द्या असे म्हटले नाही. शहराच्या कडेच्या फ्लॅटमध्ये जमिनीचा जो अविभक्त अंश मिळतो तो दाखवता येत नाही; येथे निदान पायाखालची सहाशे फूट माती आपली असते, आणि शिक्षकाचा रोजचा तास-दीड तास रस्त्यावर जात नाही, त्याचे मोल कोणता मूल्यमापक करतो? पाण्याची ददात दोन्हीकडे सारखीच. पैठणहून येणारे नळाचे पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, मग साठवणीची टाकी १७ बाय २७च्या जागेत कोठे बसवावी हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो सामाईक आड खरोखरच अर्धा आपला निघाला तर सुटतोही.

परवा ते पुन्हा आले होते. विक्रेत्याची थोरली बहीण जालन्याला असते. तिने सही करण्याचे कबूल केले आहे, मात्र हक्कसोडपत्रावर नव्हे, खरेदीखतावर, आणि आपला वाटा घेऊन. त्यापायी मालकाने किंमत दोन लाखांनी चढवली आहे. ही वाढ द्या, म्हणून मी त्यांना सांगितले. त्या सहीपुढे दोन लाख अधिक नाहीत. परंतु त्यांनी जाता जाता दुसरी एक वार्ता दिली, ती अशी की, शेजारचा हिस्सेदार दिवाळीनंतर आपला भाग पाडून स्लॅब टाकणार आहे, आणि सामाईक भिंतीशी करवत लावून तो आपल्या बाजूची तुळई काढून घेणार आहे. तेव्हा इसार देण्याआधी त्या शेजाऱ्याला चहाला बोलवा, आणि सुतारालाही त्याच वेळी येऊ द्या, एवढेच मी म्हणालो.