हा तक्ता कोणी ठरवला?



परवा सातवीतला एक मुलगा बारावीतल्या ताईचं जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन आला. जनुकीय संकेताच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, हा तक्ता कोणी ठरवला?"

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं, "चुका कमी व्हाव्यात म्हणून निसर्गाने तसा केला." पण मी थांबले.

आरएनएची अक्षरं चार. तीन-तीन अक्षरांचे शब्द होतात 64. त्यातले 61 शब्द 20 अमिनो आम्लांसाठी, उरलेले 3 'थांबा' सांगणारे. तिसरं अक्षर चुकलं तरी बरेचदा तेच आम्ल येतं. म्हणजे तक्ता चुका सांभाळून घेतो, हे खरंच. 1998 मध्ये फ्रीलंड आणि हर्स्ट यांनी संगणकावर दहा लाख काल्पनिक तक्ते करून पाहिले. त्यात आपल्या तक्त्यापेक्षा सरस फक्त एक निघाला.

मग सिद्ध झालं ना? इथंच खरी गंमत आहे. काल्पनिक तक्ते कसे करायचे, आम्लांचा कोणता गुण मोजायचा, कोणत्या चुकीला किती वजन द्यायचं, हे संशोधकच ठरवतात. त्यांनी शब्दांचे गट तसेच ठेवून फक्त आम्लांची अदलाबदल केली होती. नियम बदलले की आकडाही बदलतो.

शिवाय तक्ता चांगला आहे म्हणजे तो त्यासाठीच घडला, असं होत नाही. नवी आम्लं जुन्या आम्लांपासून तयार झाली आणि त्यांचेच शब्द वाटून घेत गेली, असं वाँग यांनी 1975 मध्ये मांडलं. तसं झालं असेल तरी सारखी आम्लं शेजारीच दिसतील! क्रिक तर 1968 मध्येच म्हणाले होते की, हा गोठून गेलेला योगायोगही असू शकेल.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नमुना एकच आहे. मानवी तंतुकणिकेत 'यूजीए' हा शब्द थांबा न सांगता ट्रिप्टोफॅन आणतो, हे 1979 मध्ये कळलं. पण तोही मूळ तक्त्यातलाच फेरफार, स्वतंत्र दुसरा तक्ता नव्हे. एकाच उत्तरपत्रिकेवरून आपण वर्गाचा निकाल लावतो का?

मला वाटतं, आपण 'म्हणून' हा शब्द फार लवकर वापरतो. पटणारी गोष्ट सांगितली की मूल गप्प बसतं आणि आपल्याला वाटतं, समजलं.

मी त्या मुलाला म्हटलं, "अजून नक्की ठरलेलं नाही. कसं शोधता येईल, तूच सांग."

त्याने लगेच विचारलं, "दुसऱ्या ग्रहावर जीव सापडला तर?"

बघा, नमुना एकच असण्याची अडचण त्याला न शिकवताच कळली होती.